मर्डो या नावाची वाटणी

मी मर्डिना मॅकायव्हर, वय ब्याऐंशी, धंदा विणकाम, राहणार लुईस बेट, स्कॉटलंड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की, माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्यानं माझ्यासमोर मागावर बसून दाखवावं.

१. माग शेजारच्या डॉलिनाला. माझ्या कापडाला तिनं एकदा गोणपाट म्हटलं होतं. आता विण म्हणावं रेशीम!

२. मर्डो हे नाव. माझे वडील मर्डो माझ्या जन्माआधी दोन महिने होडीसकट बुडाले. गेलेल्याचं नाव येणाऱ्या बाळाला द्यायचं, ही आमची रीत. झाली मुलगी, म्हणून नावाला शेपूट लावून मर्डिना केलं. शाळेत मास्तर सांगायचे, "जुनं गेलिक नाव आहे, अर्थ समुद्राचा धनी." आई म्हणायची, "धनी कसला डोंबलाचा! समुद्रानंच गिळला त्याला." मला मात्र त्या नावाचा केवढा अभिमान! वडिलांच्या जागी तीस वर्षं मी जाळी टाकली आणि दर वेळी घरी परत आले.

३. घर आणि मेंढ्या भाची पेगीला. मुलगा झाला तर मर्डो ठेवीन, असा तिचा शब्द होता. दिवस भरत आले तशी रडत आली. "मावशी, आजोबा समुद्रात गेले, माझा भाऊ मर्डोही तसाच गेला. मला फिनली ठेवू दे गं." मी भडकले. "मग घर विसर!" म्हटलं, आणि मृत्युपत्रात तशी अट घातली. ते मृत्युपत्र मी आज रद्द करते.

कारण नामकरणाच्या दिवशी धर्मगुरूंनी नाव विचारलं, तेव्हा पेगीच्या नवऱ्यानं घरापायी "म..." म्हणायला तोंड उघडलं. पेगी पांढरीफटक पडली होती. मला स्वतःचीच लाज वाटली. आमच्या चर्चमध्ये बायका बोलत नाहीत. मी उभी राहिले आणि ओरडले, "फिनली! पोराचं नाव फिनली!" धर्मगुरू अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. न बोलोत.

४. मर्डो हे नाव आता कोणालाही देऊ नये. ते माझ्याबरोबर पुरावं. थडग्यावर मोठ्या अक्षरांत कोरावं आणि दगडाचं तोंड समुद्राकडे करावं. त्याला कळू दे, हिला काही त्याला नेता आलं नाही.

साक्षीदार: ॲंगस मॉरिसन, पोस्टमन, आणि इफी मॅकऑले, शिक्षिका.

लुईस बेट, ९ मार्च १९७१.

सही: मर्डिना, मर्डोची मुलगी