डिंगचं पोट

शिकागो, ६ मार्च २००४

प्रिय स्वानंदी,

आज बर्फामुळे घरीच आहे. तसंही लॅबमध्ये आता मला फारसं काम उरलेलं नाही.

दिवाळीनंतर आमच्या सरांकडे एक डिंग तपासायला आलं. डिंग म्हणजे तीन पायांचं कांस्याचं भांडं. तीन हजार वर्षांपूर्वी चीनमधली राजघराणी त्यात पितरांसाठी मांस शिजवायची. आपण तांब्या-पितळेवरचा जो हिरवा कळंक चिंच लावून घासून काढतो, त्यावर इथले संग्राहक जीव टाकतात. नेपरव्हिलचे एक श्रीमंत आजोबा ते घेऊन आले, तान्ह्या बाळासारखं उचलून. त्यांना ते विकायचं होतं आणि त्यासाठी अस्सल असल्याचा रिपोर्ट हवा होता. आमचं एक्स-रे मशीन त्यांच्याच देणगीतून आलंय, माझा स्टायपेंडही.

एक्स-रेत स्पष्ट दिसलं, पाय जुने आहेत, पोट नवं. कुणीतरी सफाईने जोडून वर कळंक चढवलाय. सरांनीही ते पाहिलं. मग म्हणाले, "पाय अस्सल आहेत ना? मग पायांबद्दलच लिही."

मी म्हटलं, "सर, घेणारा अख्खं भांडं घेईल."

त्यावर त्यांनी माझा व्हिसा कशावर आहे, एवढंच विचारलं. त्यांना ते माहीत होतं.

रिपोर्टवर तपासणाऱ्याची सही लागते; मी ती केली नाही. मेनंतर माझा स्टायपेंड बंद. दुसरे प्रोफेसर अर्धवट पीएचडी घ्यायला तयार नाहीत, आणि लॅब सुटली की इथे राहताही येणार नाही. सुट्टीत घरी यावं, तर परत व्हिसा मिळेल याची खात्री नाही. आईला सांगते, सगळं छान चाललंय.

परवा तुझा फोन आला. सरांनी तुला ॲडमिशन दिली, खर्चही उचलला, काकूंनी पेढे वाटले. तू इतकी हसत होतीस की माझ्याने बोलवेना. तुझं नाव त्यांना मीच सुचवलं होतं गं, आपण दोघी एकत्र राहू म्हणून. पण तो रिपोर्ट अजून व्हायचाय, आणि काल सर मला म्हणाले, "तुझी मैत्रीण जास्त समजूतदार असेल." तुला त्या सहीसाठी बोलावताहेत, स्वानंदी. येऊ नकोस असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? दोन वर्षं वाट पाहिलीस तू. फक्त हो म्हणण्याआधी हे तुला ठाऊक असू दे. आलीस तर एअरपोर्टवर घ्यायला येईन असं मी म्हणाले होते, पण तेव्हा मी इथे असेन की नाही, मलाच माहीत नाही.

तुझीच,
नीला