चौकटची चार पानं

प्रिय एमेट,

काल गुरुवारच्या खेळात माझा पाणउतारा झाला, आणि तो बघायला तू नव्हतास याचा राग मला जास्त आहे. चर्चच्या हॉलमधल्या तुझ्या खुर्चीवर आता हार्लन बसतो. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, पोकर पुस्तकातून शिकलेला. माझ्याकडे चौकटची चार पानं होती, शेवटचं पान यायचं होतं. तेही चौकट निघालं असतं तर डाव माझाच. मी पैसे लावले. बाकीच्यांनी पत्ते टाकून डाव सोडला, फर्गस तेवढा राहिला. चौकट आलंच नाही, आणि फर्गसने दुर्रीच्या जोडीवर सगळं ओढून नेलं. लगेच हार्लन म्हणाला, "अहो बाई, हातात काही नसताना लावता कशाला? चेक म्हणायचं, पुढचं पान फुकट बघायचं!" मी म्हटलं, "मला शिकवायला मी नवरासुद्धा ठेवला नाही, तुम्ही कोण?" फर्गस खिमा-बटाट्याची पेस्टी चावत म्हणाला, "बर्नडीन, मी कधी पत्ते टाकलेत का गं?"

तेच तर. अर्धवट डावावर पैसे लावले की जिंकायच्या दोन वाटा असतात. समोरचा घाबरून पत्ते टाकतो, नाहीतर हवं ते पान येतं. चेक म्हटलं की एकच वाट. पण समोर फर्गससारखा न हलणारा असेल तर मुकाट्याने टेबलावर बोटं टकटकवून चेक करावं. माणूस बघून ठरवायचं असतं. काल मी माणूस बघितलाच नाही. माझं लक्ष दाराकडे होतं. तू उशिरा यायचास ना, बुटांवरचा बर्फ आपटत. इथे ब्यूटमध्ये बर्फ सुरू झालाय.

तू मात्र समोर कोणीही असो, चेकच. बदामाची चार पानं आली की तुझा आवाज मऊ व्हायचा, मला लगेच कळायचं. पत्त्यांबाहेरही तसाच. तुझी बायको मार्गारेट गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तळ्याकाठी माझ्या गाडीत बसून तू अख्खी दुपार माशांबद्दल बोललास. मला वाटत होतं, आता म्हणेल, आता म्हणेल. तू म्हणालास, "यंदा थंडी लवकर येणार, बर्नडीन." मुलीने आधी बोलू नये, असं शाळेत सिस्टर्स सांगायच्या. त्यांची तुझ्याशी गाठ पडायला हवी होती! मग तुझा गुडघा, मग ऑपरेशन, आणि तुझी लेक कॉलीन तुला फिनिक्सला घेऊन गेली, "हिवाळ्यापुरतं हं, बर्नडीन आंटी."

आज सकाळी तिचा फोन आला. तुझं इथलं घर विकायला काढलंय, तूही "ठीक आहे" म्हणालास, आणि तुझी भांडी मला हवीत का, असं तिने विचारलं. भांडी! एमेट, घर खुशाल विक, छप्पर तसंही गळतं. पण माझ्याकडे राहायला ये. पाहुणा म्हणून नव्हे, नवरा म्हणून. फादरांचं मी बघते. तू नाही म्हणशील की हो, इतक्या वर्षांनीही मला सांगता येत नाही, तरी विचारते आहे. फार विचार करू नकोस. विचार करायला बसलास की तुला झोप लागते.

न विचारताही तुझीच असलेली,
बर्नडीन