वीतभर जागा

७ डिसेंबर १९६९, रविवार
ठरलं. पुढच्या खोलीला सॉफ्टबोर्डाचं सीलिंग, आणि दिवे सीलिंगच्या आत बुडवलेले. लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यात पाहिले तसे. दिवा दिसतच नाही, नुसता उजेड पडतो. अख्ख्या वराळ्यात कुणाकडे नाहीत. थोरल्याकडे तर अजून उघडा बल्ब लोंबतोय. थोरला म्हणजे रखमाजी, माझा सख्खा भाऊ. मध्ये भिंत घालून वाटणी झाली, पण वरचं आढं आणि माळा एकच, त्यामुळे डोक्याला ताप कायमचा. वाटणीपासून त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलेलो नाही. पिणारही नाही.

९ डिसेंबर
लोणावळ्याहून अंबाजी वायरमन आला. तसले दिवे मिळेनात म्हणून वनस्पती तुपाच्या डब्यांची आयडिया मी काढली. डबा उपडा, आत शंभरचा बल्ब. असे चार डबे आजच सीलिंगमध्ये बसवून घेतले. अंबाजी म्हणतो, चाळीसचाच लावा, डब्यांना वर भोकं पाडा, आणि माळ्यावर प्रत्येक डब्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, पेंढा टेकता कामा नये. मी सुनावलं, फॅक्टरीच्या फायर कमिटीवर मी आहे, मला शिकवू नकोस. वाळूच्या बादल्यांना लाल रंग मीच लावून घेतलाय.

१० डिसेंबर
आलं लक्षात! काल अंबाजीने चहा थोरल्याकडे घेतला. माझ्या बायकोने, बयाने, डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे वीतभर जागेची अक्कल कुणाची ते कळलं. माळ्यावर मोकळी जागा दिसली की याचा पेंढा सरकलाच आत. दर नांगरटीला बांध कोरणारा माणूस! आज वीत, उद्या वहिवाट, परवा कोर्ट. मी काय दूधखुळा आहे?
माझ्याकडे बैल नाहीत, तरी वाट्याचा पेंढा मी विकत नाही, तो कब्जा राहावा म्हणूनच. सकाळी स्वतः माळ्यावर चढलो आणि पेंढा डब्यांना चिकटवून, दाबून दाबून भरला. वरून आणखी एक थर. आता सरक म्हणावं.

१४ डिसेंबर, रविवार
दिवे लागले. शंभरचेच. काय शोभा! रस्त्यावरून दिसावं म्हणून दार सताड उघडं ठेवलं. थोरला बैल घेऊन गेला. आत बघतच गेला. पोटात दुखलं असणार.

१७ डिसेंबर
बया म्हणते, पेंढा भाजल्यावानी वास येतोय. म्हटलं, नव्या रंगाचा आहे. तर म्हणते, रंग कुटं दिलाय अजून? खोड काढल्याशिवाय घास गिळत नाही या बाईला. अंथरूण उचलून ओसरीत झोपायला गेली. जा म्हटलं, थंडी वाजली की येशील.

१९ डिसेंबर
आली नाही.
बोर्डावर डब्यांभोवती तपकिरी कडा उमटलीय. डिझाइनसारखी दिसते. फ्यूज उडाला, मी जाड तार घातली. अंबाजीला बोलावणार नाही. फितूर मेला.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळी
थोरला दारात! वाटणीनंतर पहिल्यांदाच. म्हणाला, कोंडा, वर डबं लय तापत्यात, माज्या बाजूनं हात लावून बगितलं. जागा तुजी तुलाच ऱ्हाऊ दे, लिहून देतो, पन तेवढा पेंढा मागं घे. लिहून देतो म्हणाला, म्हणजे मनात पाप आहेच. हाकलला. आज संध्याकाळी चारही दिवे जेवणं होईपर्यंत चालू ठेवणार. होऊन जाऊ दे.

२२ डिसेंबर
माळा पेटला.
मी घाबरलो नाही. ताबडतोब सायकल काढली, फॅक्टरीतून वाळूच्या बादल्या आणायला. वाटेत चेन पडली. परत आलो तोवर थोरला कौलं फोडून वर चढला होता आणि नुसत्या हातांनी पेंढा ओढून खाली फेकत होता. माझाही, स्वतःचाही. बया ट्रंक काढायला आत शिरली होती, तिला म्हणे त्यानेच आधी दंडाला धरून बाहेर ओढलं. मग मी खालून सूचना दिल्या. कुणी ऐकल्या नाहीत.
त्याची बाजू वाचली. माझी गेली. त्याच्या बैलांची वर्षाची वैरण अंगणात, विझवायला ओतलेल्या पाण्याच्या चिखलात. मात्र कौलं फोडली ती आधी माझ्या बाजूची, हे मी विसरणार नाही.

२३ डिसेंबर
मुक्काम थोरल्याकडे. तात्पुरता. बयाला नको म्हटलं होतं, तिने ऐकलं नाही.
दुपारी पानं मांडली. थोरल्याच्या दोन्ही हातांना फडकी बांधलीत, विठावहिनी त्याला भरवत होती. मी नुसता बसणार होतो, जेवायचं नाही हे पक्कं होतं. थोरला वहिनीला म्हणाला, माजं ऱ्हाऊ दे, आदी त्याला वाढ, कालपासनं उपाशी हाय.
आमटीत मीठ कमी होतं.
वहिनीने विचारलं, आणि भाकरी वाढू का भावजी? मी हो म्हणालो.