खडीवरची मैत्रीण

अहमदपूर,
मार्च १९८३

प्रिय साखराबाई,

तुझ्या लेकीच्या बिलोलीच्या पत्त्यावर हे पत्र टाकतेय. नातीकडून वाचून घे. लातूर आता वेगळा जिल्हा झाला. माझा बसवराज तिथल्या नव्या कचेरीत लागला आणि बायकोलेकरं घेऊन गेला. सासूबाई गेल्या, त्यांच्यामागं मालकही गेले. एवढ्या घरात मी एकटी. एकच भाकरी थापते, तीही उरते.

परवा लातूरच्या कॉलेजातली एक पोरगी आली होती. बहात्तरच्या दुष्काळात बायका कशा जगल्या, ते लिहून घेत हिंडते. तिला अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी सांगितल्या, कामावर वाटायचे ती सुकडी सांगितली. आम्ही लिंगायतांच्या, जमीनवाल्या घरातल्या सुनाही पदर ओढून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला कशा बसलो, तेही सांगितलं. मग तुझं निघालं. उन्हानं मी ढिगाऱ्यावरच कोसळले, तेव्हा तू तांब्या घेऊन धावलीस आणि जवळ आल्यावर थबकलीस. "अक्का, मी गावकुसाबाहेरली हाय. चालंल का?" मी तांब्याच ओढून घेतला.

सासूबाईंना कळलं. प्यायला पाणी नव्हतं त्या दिवसांत त्यांनी भरली घागर माझ्या डोक्यावर ओतली, मगच घरात घेतलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तुझ्याच शेजारी बसले. एका ताटलीत सुकडी खाल्ली. तुझं गेलेलं लेकरू तू मला सांगितलंस, माझा घरातला जाच मी तुला. सगळे पावसाची वाट बघत होते आणि मला धास्ती, पाऊस पडला की काम बंद होईल. तसंच झालं. तू तुझ्या वस्तीत गेलीस, मी माजघरात. बाजारात भेटलो तरी नुसतं लांबून हसायचो. पुढं तू बिलोलीला गेलीस, तेही मला दुसऱ्याकडून कळलं.

पोरीनं वही मिटता मिटता विचारलं, "त्या बाई आहेत का अजून?" मला सांगता येईना. ती गेल्यावर लई रडले गं.

म्हणून लिहितेय. आहेस ना? असशील तर ये. पाहुणी म्हणून नको, राहायलाच ये. गाव बोलेल, बोलू दे. बसवराजच्या कानावर घातलंय. तो नाही म्हणाला नाही. उत्तर धाडत बसू नकोस. पुढच्या सोमवारपासून तुमच्याकडची एसटी यायच्या वेळी मी स्टँडवर येऊन बसेन. केस पांढरे झालेत माझे, तेवढं ध्यानात ठेव.

तुझीच वाट बघणारी,
नीलम्मा