पायलटच्या गणवेशाचं माप

२ मार्च, सकाळी ७
विमान एकदाचं रंगवून झालं. युद्धातलं खरं लढाऊ विमान, आणि सांभाळायला आम्ही म्युझियमचे पाच स्वयंसेवक. पैकी चार नग. अध्यक्ष निवृत्त दातांचे डॉक्टर. प्रोपेलरसुद्धा किडलेल्या दाढेसारखा ठोकून बघतात. सेक्रेटरीबाई निवृत्त ग्रंथपाल. मी युद्धाबद्दल तोंड उघडलं की हळू बोला म्हणतात. विमानातलं कळतं ते फक्त मला.

४ मार्च
आज शिंपी आला. बावीस तारखेच्या उद्घाटनासाठी पायलटचा गणवेश शिवायचाय. अध्यक्षांनी सगळ्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझंच माप घ्यायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. गरजच काय? कॉकपिटमध्ये मी! बाकीच्यांचे चेहरे पडले असणार. मी पोट आत ओढण्यात गुंतलो होतो, त्यामुळे पाहता आले नाहीत. कंबर बेचाळीस. शिंप्याने टेप ढिला धरला.

५ मार्च
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, तुम्हालाच बसवणार असं कोणी म्हणालं का? या घरात कर्तृत्वाची कदर नाही. मेव्हण्यालाही फोन केला. तो मला म्युझियमचा वॉचमन म्हणतो. आता येऊन बघच म्हटलं.
संकल्प: गोड बंद. रोज पाच किलोमीटर चालणे.

६ मार्च
चाललो. कोपऱ्यापर्यंत. बूट चावतो.

९ मार्च
गोड बंदच आहे. केक खाल्ला तो शेजाऱ्यांकडे वाढदिवस होता म्हणून. माणुसकी सोडता येत नाही. तीन तुकडे.

१३ मार्च
मीटिंगमध्ये माझ्या कॉकपिटमधल्या भाषणाचा विषय काढला. पंचेचाळीस मिनिटं पुरतील म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, पायलट काही बोलणार नाही. सगळे हसले. जळतात मेले. मनातल्या मनात भाषण एक तासाचं केलं.

१८ मार्च
रंगीत तालीम म्हणून विमानात बसून पाहिलं. आत गेलो व्यवस्थित. बाहेर काढायला इलेक्ट्रिशियन आणि साबणाचं पाणी लागलं. विमानाच्या बनावटीतच दोष आहे.

२२ मार्च, सकाळी ८
मिशीला पीळ दिला. गणवेश शिंप्याने परस्पर म्युझियममध्ये पोचवलाय. बायको आणि मेव्हणा अकराला येतील. निघतो.

२२ मार्च, दुपारी ४
कॉकपिटमध्ये पुतळा बसलाय. कपड्यांच्या दुकानातून उसना आणलेला. माप घेताना तो आला नव्हता, आणि अध्यक्षांच्या मते त्याची उंची माझ्याएवढी. रुंदीचा विचार कोणी केला नाही, म्हणून आता त्याच्या पोटाला दोन उशा बांधल्यात. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, खाली चिकटवलेली मिशी. सेक्रेटरीबाईंना विचारलं, याच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही? म्हणाल्या, तो बोलत नाही.

तेवढ्यात बायको आणि मेव्हणा आले. मी विमानाच्या शेपटीमागे दडलो. मेव्हण्याने कॉकपिटकडे पाहून कडक सॅल्यूट ठोकला. भावजी, मानलं तुम्हाला, म्हणाला. जन्मात असं म्हणाला नव्हता. मग बायको काचेला खेटून उभी राहिली. शंका घेतली ते चुकलंच म्हणाली. मग गुडघ्याचं दुखणं, बहिणीकडे जायचं दरवर्षी राहून जातं ते, आणि मी बोलत सुटलो की तिला घरात एकटं कसं वाटतं ते. दहा मिनिटं बोलत होती. मला लाज वाटली.

डोळे पुसत वळली आणि मेव्हण्याला म्हणाली, तीस वर्षांत आज पहिल्यांदा यांनी माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं.

तसं ऐकलं मीच होतं. पण आता ते तिला सांगणार कसं?