आईची खुर्ची करातून वजा

लिंकन, नेब्रास्का
१० फेब्रुवारी १९८८

चि. वेंडेल यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतची पावती पोचली. बाबांचं अक्रोडाच्या लाकडाचं टेबल, आरामखुर्ची आणि सोफा मी तुला विकला म्हणे! कधी विकला रे? बाबा गेल्यापासून ते सामान आईचं आहे आणि तुम्ही दोघं राहता त्या घरात जागचं हललेलंही नाही. खोट्या पावतीवर मी सही करणार नाही. कागद वाया जाऊ नये म्हणून मागच्या बाजूला 'पंपकिन पाय' या भोपळ्याच्या गोड पदार्थाची कृती लिहून तो परत पाठवते आहे.

राहता राहिला तुझा धंदा. टायरच्या दुकानातून तुला काढलं, गालिच्यांच्या दुकानातून तू निघालास आणि आता घरबसल्या लोकांना यशस्वी कसं व्हायचं ते शिकवणार! धन्य आहे. गिऱ्हाईक मिळालं तर मलाही कळव, त्या माणसाचा चेहरा बघायचा आहे.

आई कशी आहे? तिच्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर.
तुझी ताई,
मार्लिस


डेटन, ओहायो
२ मार्च १९८८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तू जन्मभर शाळेत फळा पुसलास, तुला धंद्यातलं काय कळणार? सरकारने कापलेला पगार मुकाट्याने घेणाऱ्यांतली तू. पावतीवर माझ्या बोलिंग क्लबातल्या मित्राने सही केली, तुझ्यावाचून काही अडलं नाही.

कायदा नीट समजून घे. घरातून धंदा केला की त्यासाठीचं टेबल, खुर्च्या, कपाट सगळं करातून वजा होतं. अट एकच, ती खोली फक्त धंद्यासाठी वापरायची. आईची खोली रस्त्याकडची, उजेडाची, म्हणून तिथे ऑफिस थाटलं आहे. आईला तळघरात छान जागा करून दिली आहे. कपडे वाळवायचं यंत्र शेजारीच असल्याने थंडीत ऊबही मिळते. ती अगदी खूश आहे.

राग नसावा, आणि असला तर तुझ्यापाशीच असावा.
तुझा,
वेंडेल


डेटन
१८ जून १९८९

चि. मार्लिस हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. मी तळघरात खूश आहे असं वेंडेलने तुला लिहिलं, आणि खरं काय ते मी इतके दिवस कळवलं नाही. कळवलं असतं तर तू तडक गाडी काढून आली असतीस, आणि वेंडेलची लाज मलाच वाटली असती.

मी तळघरात निजते. जिना चढताना गुडघे बोलतात, म्हणून दिवसातून फार वेळा वर जात नाही. माझ्या खुर्चीवर त्याने 'फक्त ग्राहकांसाठी' अशी पाटी लावली आहे. ग्राहक म्हणशील तर शेजारचे मिस्टर ओबर्ग तेवढे आले होते, तेही आपली शिडी परत मागायला. वेंडेलने त्यांना सोफ्यावर बसवून वहीत नाव लिहून घेतलं.

मंगळवारी करखात्याची बाई तपासणीला यायची होती. वेंडेलने मला बजावलं, सकाळीच चर्चमध्ये जा, आणि कोणी विचारलंच तर या खोलीत मी पाऊल टाकत नाही म्हणून सांग. तुझ्या बाबांनी लोखंडी सामानाच्या दुकानात उभ्या आयुष्यात कोणाला एक खिळा कमी दिला नाही, आणि त्यांच्या टेबलाच्या जिवावर हा मला खोटं बोलायला शिकवतो!

मी कुठेही गेले नाही. जिना चढले, पाटी उचलून खिडकीत ठेवली आणि माझ्या खुर्चीत विणायला बसले. बाई आली, मुलगी म्हणावी एवढ्याच वयाची. वेंडेल तिला सांगू लागला की या आमच्या ग्राहक आहेत. तिने मला अदबीने विचारलं, तुम्हाला कशाबद्दल सल्ला हवाय? मी म्हटलं, मुलगा वाढवताना आपलं काय चुकलं, एवढंच विचारायला आलेय. ती हसली नाही. तुम्ही कुठे झोपता, असं तिने विचारलं. मी तळघराकडे बोट केलं. ती खाली जाऊन आली, आणि मग मात्र तिने वेंडेलकडे असं पाहिलं की मलाच मान खाली घालावी लागली.

खोली आणि सामान घरचंच ठरलं, दंड होणार आहे. वेंडेल माझ्याशी बोलत नाही. तू ये, आणि येताना ट्रक आण. खुर्ची बरोबर न्यायची आहे.

तुझीच,
आई


डेटन
४ फेब्रुवारी १९९०

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. दंड भरला, विषय संपला. आईला पढवणारी तूच होतीस, हे मला ठाऊक आहे. असो. मी मन मोठं केलं आहे.

आनंदाची बातमी अशी की आता ऑफिस शंभर टक्के कायदेशीर आहे. आई तुझ्याकडे गेली, ती घरात नसल्याने अट आपोआप पूर्ण होते. खुर्ची तू नेलीस म्हणून नवी घेतली, तिची खरी पावती आहे. सोफाही नवा आहे. कोणीही येऊन बघावं.

आईला मला भेटायला इकडे यावंसं वाटलं तर जरूर यावं. फक्त घरी पलंग टाकला की पुन्हा भानगड, म्हणून तिची सोय मोटेलात करीन. तो खर्च धंद्यात बसतो का, हे विचारतो आहे.

आईला नमस्कार सांग. तुझाही लोभ असू दे.
वेंडेल


लिंकन
१३ फेब्रुवारी १९९०

वेंडेल यास,
आशीर्वाद. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती सफरचंदं सोलत होती. मोटेलाचं वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावलं. सुरी खाली ठेवली.

मग म्हणाली, त्याला कळव, या खेपेला तो खोटं बोलत नाहीये. त्या घरात आईसाठी जागा नाही, हे सरकारला खुशाल लिहून दे म्हणावं, सही मी करते.

मी विचारलं, तुझे आशीर्वाद लिहू का? लिही, म्हणाली. ते काही वजा होत नाहीत.

मार्लिस