पाथर्डीत इंग्लंड, जर्मनी, अमेरिका

१ जुलै. सकाळी ७.
आजपासून पत्रकारितेचा वर्ग. बावीस वर्षं तालुका वार्ताहर म्हणून घासल्यावर कॉलेजला माझी आठवण झाली. प्राचार्यांची अट: महिन्याभरात विद्यार्थ्याची एक तरी बातमी आमच्या दैनिकात छापून यावी, तरच वर्ग कायम. एक? दहा आणून दाखवतो.
जगभरचे सिलॅबस मोबाईलवर वाचलेत. इंग्लंडात शॉर्टहँड, मिनिटाला शंभर शब्द. जर्मनीत पेपरच्या ऑफिसात दोन वर्षं उमेदवारी. अमेरिकेत पोरांना थेट गावात सोडतात. आपण तिन्ही घेणार.

४ जुलै.
इंग्लंड. विद्यार्थी चार. शॉर्टहँड मला येत नाही, म्हणून नुसतंच भरभर लिहायला लावलं. करणला स्वतःचं अक्षर लागेना. सर, ह्ये मीच लिवलंय का, म्हणाला. इंग्लंड संपवलं.

९ जुलै.
जर्मनी. माझं ऑफिस म्हणजे घरचा ओटा. चौघांना तिथंच बसवलं. तिसऱ्या चहाला माझी बायको पुष्पावती म्हणाली, जर्मनीत बायकांना ह्योच धंदा असतो का? जर्मनीही संपवली.

१५ जुलै.
अमेरिका. छापून आलेली कोणतीही बातमी घ्या, जागेवर जा, तीन माणसांना विचारा, खरी की खोटी ठरवा. कोणाचीही भीड ठेवायची नाही, असं टेबलावर हात आपटून सांगितलं. चौघांतली मोनिका सगळं लिहून घेते. हुशार आहे.

१७ जुलै.
मोनिकाने माझीच बातमी निवडली. ‘व्यायामशाळेचे उद्घाटन मोठ्या उत्साहात’. बातमी मी उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच पाठवली होती. फीत, नारळ, टाळ्या, सगळं ठरलेलंच असतं, प्रेसनोटही आधीच येते. जीपला लोंबकळून वीस किलोमीटर कोण जातं?

२० जुलै.
मोनिका व्यायामशाळेवर जाऊन आली. पाहुणे त्या दिवशी आलेच नव्हते. व्यायामशाळेला अजून दार नाही, आत छबूबाई नावाच्या बाईच्या शेळ्या. ती म्हणाली म्हणे, उद्घाटन कवा झालं? आमी तर हितंच हुतो. मी मोनिकाला समजावलं, माझी बातमी बरोबर होती, कार्यक्रम चुकला. तिने तेही लिहून घेतलं.

२६ जुलै.
बाकी तिघांच्या बातम्या संपादकांनी परत पाठवल्या. मोनिकाने काही पाठवलंय का, हे विचारायचं नाही असं ठरवलं. दुपारी विचारलं. व्हय सर, म्हणाली.

३० जुलै. सकाळी ६.
छापून आली. पान एक. ‘उद्घाटन झालेच नाही’. मोनिकाचं नाव, छबूबाईचा फोटो आणि माझं ते वाक्य अवतरणात.

दुपारी १.
पेपर मी स्वतः प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. लपवालपवी आपल्या रक्तात नाही. अट पूर्ण झाली, असं ठणकावून सांगितलं. त्यांनी बातमी दोनदा वाचली. वर्ग कायम, म्हणाले. शिकवायला शेवगावहून दुसरे सर येतील.
येऊ देत. वर्ग मी उभा केला. माफी मागणार नाही.

३१ जुलै.
मोनिका पेढे घेऊन आली. पाया पडली. सर, तुमी शिकवलं म्हणून जमलं, म्हणाली. अगदी मनापासून म्हणत होती. फार लागलं. ओट्यावर बसून एक पेढा खाल्ला. जाताना तिने सांगितलं, संपादकांनी उद्यापासून तालुका वार्ताहराचं काम तिच्याकडे दिलंय.